कुंभारीच्या घोंगड्याची विलायतस्वारी

श्री बिरोबा समर्थ.

शके अठराशे पंचावन्न, श्रीमुखनाम संवत्सरी, नारळी पौर्णिमा उलटोन दुसरे दिवशी सोलापूर प्रांती मौजे कुंभारी येथे जी मोहीम उभी राहिली, आणि जी भुईवरून निघोन आसमानी चढली आणि कित्येक मुलूख ओलांडोन विलायतेत उतरली, तिची हकीकत यथास्थित लिहून ठेवणे प्राप्त जाहले. कारण की, दोन्ही पक्षांचे मातब्बर आजही पारावर बसोन ती आपापले तिखटमीठ लावून सांगतात, आणि सांगता सांगता एकमेकांच्या गळपट्टीस हात घालितात, आणि मूळ गोष्ट बाजूस राहोन ऐकणाराचा चहा निवतो. सबब कोणाची भीड न धरिता लिहिले आहे. ज्यास पटेल त्याने वाचावे, ज्यास न पटेल त्यानेही वाचावे; या विषयाचा दुसरा कागद पृथ्वीवर नाही.

मौजे मजकुरी राजश्री धुळाप्पा कोळेकर म्हणोन घोंगडी विणणार धनगर होते. पुरुष उंच, बोलणे थोडे, हात मात्र भारी. माग तीन पिढ्यांचा, लोकर घरच्या मेंढरांची, आणि चिंचोके भाजून कुटून शिजवून केलेली खळ त्यांच्या कुंच्याने एकदा घोंगड्यास बसली म्हणजे ते घोंगडे घडी मोडून भिंतीस टेकिले असता चौकीवरील शिपायाप्रमाणे आपले आपण उभे राहत असे. खळ ही घोंगड्याची अब्रू, ऐसे धुळाप्पांचे मत. बिनखळीचे घोंगडे गिऱ्हाइकाच्या हाती देणे म्हणजे नवरदेवास बोडक्याने मांडवात आणणे, आणि ऐसे पाप कोळेकरांच्या घरी आजवर घडले नव्हते.

ऐसियास गिरणीच्या बिलांकिटांची टोळधाड मुलखावर आली. स्वस्त, मऊ, रंगीत, आणि दोन पावसांत चिंधी होणारी ती बिलांकिटे रयतेने हपापून घेतली, आणि अक्षय्यतृतीयेपासून श्रावणापर्यंत धुळाप्पांची कुल चार घोंगडी खपली, त्यांत एक सासऱ्याने भिडेखातर घेतले. मग धुळाप्पांचे कुटुंब सौभाग्यवती मायाक्कासाहेब, ज्यांच्या मुद्रेवाचून त्या घरी चूल पेटत नसे, यांनी गावचे महिपती मुकादम यांशी बोलणे लाविले, आणि मुकादमांनी सोलापुरी आपल्या गिरणीत धुळाप्पांकरिता एक जागा राखोन ठेविली, आणि हुकूम सुटला की दसऱ्याचे दुसरे दिवशी माग उकलोन माळ्यावर टाकावा आणि भोंग्याबरोबर गिरणीत हजर व्हावे. धुळाप्पांनी मान डोलाविली खरी, परंतु मन मानेना. माणसाने दुसऱ्याच्या हाकेवर उठावे, दुसऱ्याच्या साच्यापाशी, म्हणजे गिरणीतल्या वाफेच्या मागापाशी, उभे राहावे, आणि दिवसभर विणलेले कोणाच्या अंगावर जाते हेही त्यास ठाऊक नसावे, याचे त्यांस खरोखर भय वाटे. 

ऐशा समयी विलायतेहून खलिता दाखल जाहला. हॅरप साहेब म्हणोन एक गोरे गृहस्थ दहा वर्षांमागे सोलापुरी विणाई मास्तर होते, आणि हिवतापाने दात वाजत असता धुळाप्पांचे घोंगडे पांघरोन त्यांनी तो ताप काढिला होता, आणि विलायतेस जाताना चांदीचे तबक, वाघाचे कातडे इत्यादी सरंजाम मागे राहिला तरी घोंगडे काखेत घेऊन गेले होते. खलिता इंग्रजी. सबब धुळाप्पा तो फेट्यात खोवून दरकूच सोलापुरास भवानी पेठेत आले आणि राजश्री कुंडलिकराव करकंबकर यांच्या दुकानी उतरले. हे कुंडलिकराव मूळचे करकंबचे, पेठेत त्यांचा पार्सले बांधून रेल्वेने व आगबोटीने परमुलखी रवाना करण्याचा कारखाना. इंग्रजी फारम भरण्यात असा हात की आपल्या लग्नाची याददेखील त्यांनी तीन प्रतींत केली होती.

कुंडलिकरावांनी चष्मा चढविला, खलिता उजेडास धरिला आणि मजकूर सांगितला तो ऐसा: जुने घोंगडे कसरीने खाल्ले. आमचे गावी लोकरीच्या जिनसांचे प्रदर्शन भरणार, त्यास, कुंडलिकरावांनी तारीख मोजून सांगितले, आजपासून चाळीस दिवस. तत्पूर्वी एक उत्तम घोंगडे माझे हाती येईल तर मी ते मांडीन, आणि लोकांस पसंत पडल्यास मोठी मागणी धाडीन. एक दिवस उशीर झाला तरी व्यर्थ. भाडे तूर्त आपणच सोसावे.

हे वर्तमान कुंभारीस पोचले तेव्हा मायाक्कासाहेब भाकरी थापीत होत्या, त्यांनी थापणे न थांबविता फर्मान काढिले, "मोठी मागणी आली तर माग ऱ्हाईल. न्हाय आली तर दसऱ्याचं ठरलंय तसं." एवढे बोलोन भाकरी तव्यावर टाकिली. धुळाप्पा तैसेच उठले आणि मेंढरांच्या लोकरीतून निवडक लोकर काढावयास बसले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर रंग आला.

आता घोंगडे न्यावे कोणत्या वाटेने, ऐसा पेच पडला. कुंडलिकराव खासे कुंभारीस येऊन पारावर बसले आणि छापील कागद मांडीवर पसरून त्यांनी दोन वाटा निवेदन केल्या. एक दर्याची. रेल्वेने मुंबई, तेथे आठवड्याच्या बोटीची वाट पाहणे, मग एडन, मग सुएझचा कालवा, मग विलायती बंदर, तेथे जकातीत पडून राहणे, पुन्हा तिकडील रेल्वे, मिळोन एक महिना पुरता. परंतु भाडे ऐसे की धुळाप्पांनी एक कोकरू विकिले तरी उरेल. दुसरी आसमानाची. मुंबईहून टपालाचे विमान कराचीस, कराचीहून मोठे विमान विलायतेस, दहा-बारा दिवसांत माल दारात; परंतु तेथे भाडे तोळ्यावर.

"तोळ्यावर?" बजाबाई म्हणोन शेजारीण होती ती ओरडली. "घोंगडं तोळ्यावर? सोनं हाय व्हय ते!"

आणि पार हसला. मग कुंडलिकरावांनी रयतेस उमजावे म्हणोन हिशोब मेंढ्यांत मांडून दाखविला: दर पन्नास तोळ्यांस एक मेंढा, आणि पन्नासावर एक तोळा चढला की दुसरा मेंढा उभा करावा. हे ऐकोन हसणे बंद जाहले.

दर्याचा पक्ष तात्काळ उभा राहिला आणि त्याचे सरदार धुळाप्पांचे श्वशुर राजश्री बिरप्पा. हे मोठ्या लढाईत सरकारी खेचरांबरोबर आगबोटीत बसोन बसऱ्यास जाऊन आले होते, आणि त्या दिवसापासून पाण्याविषयी कोणी शब्द काढिला तर आधी त्यांची परवानगी लागे. आसमानाचा पक्ष कुंडलिकरावांचा. त्यांनी विमान एकदाच पाहिले होते आणि तेही फार उंचावरून जाताना, परंतु छापील कागद त्यांच्यापाशी होता.

पहिल्या दिवशी बिरप्पांनी घाव घातला तो मर्मी बसला. ते म्हणाले, "विमान रोज सांजच्याला खाली उतरतंय म्हणं, आतल्या मान्सास्नी जेवाय आन् निजाय. आगबोट रातंदिस चालती. मग निजणारं आदी पोचंल का चालणारं?"

कुंडलिकरावांनी वेगाचा मजकूर काढिला, परंतु पाराने तो ऐकिला नाही. निजणाऱ्याचे कोणास कौतुक असते? दुसऱ्या दिवशी बिरप्पांनी विचारिले की विमान वाटेत पडले तर घोंगडे हुडकावयाचे कोठे. कुंडलिकराव चिडोन म्हणाले की आगबोट बुडाली तर तुम्ही कोठे हुडकणार. "बुडलेलं कुटं हाय ते ठाव असतंय की," बिरप्पा शांतपणे बोलिले, "खाली." या उत्तराने आसमानाच्या फौजेची फळी मोडली आणि त्या दिवशी कुंडलिकराव न जेवता पेठेस परतले.

मग चौथे दिवशी बिरप्पांस फुशारकी नडली. बसऱ्याच्या वाटेवरील हालअपेष्टा रंगवून सांगता सांगता ते बोलोन गेले की आगबोटीच्या पोटात मांजराएवढे उंदीर होते, आणि त्यांनी आपले घोंगडे एका रात्रीत खळीच्या वासाने कुरतडोन त्याचे जाळे केले. हे शब्द तोंडातून निसटले आणि सगळा पार पुढे सरकोन बसला. कुंडलिकराव हळूच टोपी सावरोन म्हणाले, "मामा, पुन्हा सांगा की जरा. लई छान सांगता." बिरप्पांनी तपकीर ओढिली आणि तो उंदीर निराळ्या जातीचा, हल्ली ती जात नाही, ऐसा बचाव केला, तो लंगडा पडला.

येणेप्रमाणे रोज मसलत बसे, रोज मोडे, आणि दुसऱ्या दिवशी नव्या दमाने उभी राही. धुळाप्पा मसलतीत गेले नाहीत. त्यांचे घरातून खडखडखडक ऐसा मागाचा नाद चाले, आणि सातव्या दिवशी घोंगडे मागावरून उतरले, आणि आठव्या दिवशी त्यास खळ बसली, आणि नवव्या दिवशी ते ओसरीत भिंतीस उभे राहिले. कोळेकरांच्या तीन पिढ्यांत ऐसे घोंगडे जाहले नाही. काळ्या लोकरीत पांढरा काठ, वीण ऐसी की पाणी घातले तर आतून ओल नाही. धुळाप्पा समोर उकिडवे बसोन त्याकडे बघत राहिले आणि त्यांस भाकरीची शुद्ध राहिली नाही.

चौदाव्या दिवशी पाराने कौल दिला. हात मोजिले, आणि दर्याचा पक्ष मोठ्या फरकाने जिंकिला, आणि बिरप्पांनी फेटा उडविला, आणि कोणी गूळ आणावयास धावले. इतक्यात मायाक्कासाहेब कडेवर घागर घेऊन पारापाशी आल्या आणि त्यांनी एवढेच विचारिले की चाळिसातले किती दिवस राहिले.

"सव्वीस," कुंडलिकराव म्हणाले.

"आन् आगबोटीला किती?"

 बिरप्पा फेटा गुंडाळू लागले. तीस दिवसांची वाट सव्वीस दिवसांत कशी सरावी, हे बसऱ्याच्या मोहिमेतही त्यांस कोणी शिकविले नव्हते. ऐशा रीतीने दर्याचा पक्ष मसलत जिंकोन मुलूख हरला, आणि मायाक्कासाहेब "चौदा दिस! भांडायला बरा वकूत हाय तुमास्नी!" ऐसे बोलोन पाण्यास गेल्या.

आता आसमानावाचून गती नव्हती. भवानी पेठेत एका सोनाराकडे चांदीच्या लगडी तोलण्याचा मोठा काटा होता, तेथे घोंगडे नेले. सोनार हुन्नरी खरा, परंतु त्याच्या काट्यात आजवर लोकर पडली नव्हती, आणि तो दोनदा विचारिता जाहला की यात काही लपविले आहे काय. घोंगडे पारड्यात उभेच राहिले, वाकेना. तोल निघाला दोनशे दोन तोळे. म्हणजे मेंढे पाच. धुळाप्पांपाशी विकण्याजोगे मेंढे तीन. चौथा बिरोबाच्या नवसाचा, त्यास हात लावणे नाही. तेव्हा घोंगडे दीडशे तोळ्यांच्या आत आलेच पाहिजे, नाही तर मोहीम येथेच खलास. कुंडलिकरावांनी घोंगडे बोटाने टिचक्या मारून वाजविले आणि सांगितले की यात पन्नास तोळे तर नुसती खळ आहे. ती धुऊन काढा.

 धुळाप्पांनी घोंगडे खांद्यावर घेतले आणि चालत कुंभारीस आले आणि ते ओसरीत भिंतीस उभे करून त्याच्या पुढ्यात बसले, आणि सांज झाली तरी उठेनात. मग मायाक्का बाहेर आल्या. त्या बोलण्यात तिखट, परंतु नवऱ्याचे तोंड त्यांस वाचिता येत असे, आणि त्या दिवशी त्यांनी हुकूम केला नाही. जवळ बसल्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "खळ गेली तर परत लावाय यील. माग गेला तर काय लावणार हाईसा?"

"साहेब काय म्हनंल? कोळेकराचं घोंगडं, आन् फडक्यावानी लोंबतंय."

"साहेब आदी घोंगडं बघंल. मग म्हनंल काय म्हनायचं ते."

दुसऱ्या दिवशी धुळाप्पांनी स्वहस्ते घोंगडे ओढ्यावर नेले, आणि रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायांनी तुडविले, आणि तपकिरी रंगाची खळ पाण्याबरोबर वाहोन जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्यांनी ते पुसिले नाही. शेजारी धुणे धुणाऱ्या बायांनी माना फिरविल्या. घोंगडे पिळोन काठीवर टाकिले तो ते मेलेल्या जनावरासारखे दोहीकडे लोंबू लागले.

आणि बरोबर त्याच घटकेस पावसाची झड लागली. तीन दिवस ऊन नाही. कुंडलिकरावांस दिवसांची घाई, त्यांनी चौथे दिवशी तसेच घोंगडे काट्यावर चढविले तो दोनशे साठ तोळे! कुंडलिकराव पांढरे पडले आणि खळ काढिली असता वजन वाढले कसे म्हणोन कपाळावर हात मारू लागले. तेव्हा धुळाप्पा या सबंध मोहिमेत पहिल्यांदा हसले. "ओली लोकर हाय ती, कुंडलिकराव," ते म्हणाले. "फारमात न्हाय का तसं लिवल्यालं?"

परंतु हसोन घोंगडे वाळत नाही. मग महिपती मुकादमांनी तोडगा काढिला की गिरणीच्या बायलरखान्याची बाहेरची भिंत रात्रंदिवस तापलेली असते, एक दिवस तेथे टांगा, कोरडे ठणठणीत होईल. मुकादमांच्या मनात कपट नव्हते. जागाही त्यांनी भल्याकरिताच राखिली होती. धुळाप्पांनी बिरोबाचा भंडारा कपाळास लाविला आणि ज्या किल्ल्याचे त्यांस भय वाटे त्याच्या दरवाजातून घोंगडे घेऊन आत शिरले. आत साच्यांचा ऐसा कल्लोळ की माणसास आपला खोकला ऐकू येऊ नये.

भिंतीस घोंगडे टांगोन धुळाप्पा दिवसभर त्याखाली बसले. दुपारच्या सुट्टीत साचेवाले लोक भाकऱ्या घेऊन बाहेर येत, त्यांत पेठेतले तेलुगू बोलणारे साळी पुष्कळ. एक म्हातारा साळी घोंगड्यापाशी थांबला, त्याने काठ दोन बोटांत धरिला, वीण उलटून पाहिली, पुन्हा सुलटून पाहिली, आणि विचारिले, "हाताचा माग?"

"व्हय."

"घरात?"

"व्हय."

 म्हातारा भोंगा होईपर्यंत काठ धरून तैसाच उभा राहिला, आणि भोंगा झाला तेव्हा सोडून आत गेला. घोंगडे वेळेत पोचावे ऐसे धुळाप्पांस त्या दिवशी जेवढे वाटले तेवढे पूर्वी वाटले नव्हते.

मग शेवटचा तोल. पेठेत सोनाराच्या दुकानापुढे निम्मी कुंभारी गोळा जाहली. घोंगडे एकशे अठ्ठेचाळीस तोळे भरले आणि जयजयकार उठला, आणि कुंडलिकरावांनी गोणपाट आणिले, घोंगडे त्यात शिविले, आणि पुन्हा काट्यात घातले, तो एकशे सत्तावन्न. बारदानाचे वजन कोणाच्याही स्वप्नी आले नव्हते! ज्या पुरुषाचा सगळा जन्म पार्सले बांधण्यात गेला त्याच्याही नाही, आणि ही गोष्ट बिरप्पांनी तेथल्या तेथे चार वेळा बोलोन दाखविली. तेव्हा मायाक्कासाहेबांनी गर्दीतून पुढे होऊन गाठोड्यातून आपले धुऊन धुऊन विरलेले इरकली लुगडे काढिले, दातांनी काठ तोडून टर्रकन एक पाट फाडिला आणि म्हणाल्या, "ह्यात शिवा."

शिविले. काट्यात घातले. पारडी हलली, वर गेली, खाली आली, आणि दीडशेवर बरोबर स्थिर जाहली.  ऐन समयी एक माशी येऊन गाठोड्यावर बसली, आणि ती हाताने हलकेच हाकलणारे पुरुष स्वतः बिरप्पा, दर्यापक्षाचे सेनापती, हे इतिहासाने विसरू नये.

तीन मेंढे विकिले गेले, आणि पार्सल मेलगाडीने मुंबईस, आणि मुंबईहून आसमानी रवाना जाहले. चाळिसातले अठरा दिवस शिल्लक. पुढे आठ दिवस कुंभारीचे लोक घार दिसली तरी कपाळावर हात धरून बघत.

नवव्या दिवशी हॅरप साहेबांचा दुसरा खलिता आला. आगबोटीने आलेला, अर्थात तीन आठवड्यांमागे लिहिलेला. कुंडलिकरावांनी पारावर तो फोडिला, दोन ओळी वाचिल्या, आणि चष्मा काढून पुसू लागले, आणि पुशीतच राहिले. मजकूर ऐसा की प्रदर्शन एक महिना पुढे गेले आहे, तरी घाई न करिता घोंगडे सावकाश आगबोटीने धाडावे. बिरप्पा हे ऐकोन ऐसे हसले की फेटा सुटोन खांद्यावर आला आणि ठसका लागला. मग त्यांची नजर जावयाकडे गेली. धुळाप्पा पाराच्या पायरीवर बसोन आपल्या तळहातांकडे बघत होते. मेंढे गेले, खळ गेली, आणि ज्या घाईपायी गेली ती घाईच नव्हती. बिरप्पांचे हसणे तोंडातच विरले. त्यांनी फेटा बांधिला आणि पाराकडे वळोन दरडाविले, "कोन हसलं रं? हसाय काय झालं हितं?" आणि मुद्दलात हसणारे ते एकटेच होते, हे कोणी काढिले नाही.

त्याउपरी नवरात्र बसले. धुळाप्पा मागापाशी जात आणि काही न करिता परत येत. खंडेनवमीस त्यांनी मागाची पूजा मांडिली, धोट्यास हळदकुंकू लाविले, आणि ही शेवटचीच पूजा असे मनाशी धरून नारळ हातात घेतला, इतक्यात ओरडण्याचा आवाज आला. कुंडलिकराव पेठेपासून टांगा पळवीत आले होते, टोपी वाटेत कोठे पडली होती, हाती निळ्या चिठ्ठीचा विमानाचा खलिता. दारातच उभे राहोन त्यांनी वाचून दाखविला, तो मजकूर येणेप्रमाणे.

पार्सल अकराव्या दिवशी पोचले. जुने घोंगडे बोचते म्हणोन मडमेने ते दहा वर्षे कुत्र्याच्या घरात टाकिले होते, म्हणोनच त्यास कसर लागली. हे नवे तिने उघडिले, हात फिरविला, मांडीवर घेतले, आणि तेव्हापासून साहेबास ते मिळालेले नाही. शेजारणी चहास येतात त्या घोंगड्यास हात लावण्यास येतात. प्रदर्शनाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. साठ घोंगडी हवीत, अगदी ऐशीच मऊ. पुढील सालच्या दिवाळीपर्यंत आगबोटीने धाडावीत. भाडे आम्ही देऊ. आणि खाली साहेबांच्या हातची एक ओळ निराळ्या शाईची: मला स्वतःस मात्र पांघरावयास काही उरले नाही.

साठ! बजाबाईने कानांवर हात ठेविले. मायाक्कासाहेब मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून हसल्या की रडल्या हे कळेना. महिपती मुकादम मोठ्या मनाने म्हणाले की जागा दुसऱ्या कोणास देतो. धुळाप्पांनी नारळ फोडिला, तो एका घावात फुटला. मग त्यांनी कुंडलिकरावांस ती ओळ पुन्हा वाचावयास सांगितली, मऊ म्हटले आहे ती. कुंडलिकरावांनी वाचिली.  ज्याची लाज वाटोन रडले तेच विलायतेने डोक्यावर घेतले, हे धुळाप्पांस आनंदाचे वाटले आणि थोडे लागलेही.

"साठ मऊ दिऊ," ते अखेर म्हणाले. "पर येकसष्टावं साहेबाला. खळीचं. त्येला ठाव हाय घोंगडं म्हंजी काय."

"आन् मडमेनं पुन्यांदा कुत्र्याच्या घरात टाकलं तर?" मायाक्कांनी डोळे पुशीत विचारिले.

"तर साहेब तितं जाऊन निजंल," धुळाप्पा म्हणाले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, तिची नोंद. साठ मऊ व एक खळीचे, मिळोन एकसष्ट नग आगबोटीने रवाना करावयाचे ठरोन दर्याची सुभेदारी राजश्री बिरप्पांकडे कायम जाहली. आसमानाची राजश्री कुंडलिकरावांकडे, त्यास बारदानाचे वजन आधी धरण्याची ताकीद देऊन. फाटक्या लुगड्याच्या मोबदल्यात सौभाग्यवती मायाक्कासाहेबांस नवे इरकली, काठ त्यांच्या पसंतीचा. आणि दसऱ्याचे दुसरे दिवशी राजश्री धुळाप्पा कोळेकर उन्हे वर आल्यावर, पोटभर भाकरी खाऊन, आपल्या मर्जीने आपल्या मागावर बसले.